बाकावर बसलेल्यांची पाळी कधी?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या ८ जणांनी पिकलबॉल, म्हणजे पॅडल नावाच्या छोट्या बॅटनं भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू नेटपलीकडं मारायचा खेळ, खेळायला सुरुवात केली. एका बॅडमिंटन हॉलमधलं १ कोर्ट आम्ही शनिवार-रविवार सकाळी ७ ते ९ भाड्यानं घेतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर आता २८ माणसं झाली आहेत आणि रविवारी १६ तरी येतातच. त्यातले चांगले खेळणारे चौघे कोर्ट सोडत नाहीत, जिंकले की पुन्हा उभे. त्यांत माझे दीरही आहेत, त्यामुळं मला तोंड उघडता येत नाही. नव्या आलेल्या बायका एखादा गेम खेळून घरी जातात. ६५ वर्षांचे एक काका परवा म्हणाले, "ताई, उद्यापासनं मी आपला रंकाळ्याला फिरायला जातो." भाडं मी भरते आणि नंतर मागत बसते. "उद्या जमणार नाही" असे मेसेज रात्री ११ नंतर येतात. चांगल्या खेळणाऱ्यांचा वेगळा ग्रुप करून टाकू, की हे सगळंच कुणाच्या तरी गळ्यात घालून मोकळी होऊ?

– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर

प्रिय ताई,

ग्रुप फोडू नका आणि सोडूही नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते काकांचं वाक्य. ते चिडून बोललेले दिसत नाहीत. दोन तास बसून राहिलेल्या माणसानं, इथं आपलं काम नाही अशी समजूत करून घेतली आहे. हौशी खेळाचा ग्रुप मोडायला लागतो तो असा बाकावरून, आणि कोर्टवर खेळत असलेल्यांच्या ते ध्यानातही येत नाही. म्हणून तुम्ही विचारलेल्या प्रत्येक गोष्टीकडं मी एकाच बाजूनं बघणार आहे: बाहेर बसलेल्याला आपली पाळी कधी येणार हे कळतंय का?

कुणाचा स्वभाव कसा, याआधी जरा गणित मांडू. ११ गुणांचा गेम २ गुणांच्या फरकानं जिंकायचा असतो. हौशी खेळाडूंना पाणी पिणं, बाजू बदलणं, गुणांवरून थोडी चर्चा हे सगळं धरून त्याला साधारण १५ मिनिटं लागतात. म्हणजे एका कोर्टवर २ तासांत ८ गेम. प्रत्येक गेमला ४ जण, म्हणजे सकाळभरात एकूण ३२ जागा. १६ माणसं आली आणि सगळं अगदी न्यायानं झालं तरी प्रत्येकाला २ गेम मिळतात. अर्धा तास खेळ आणि दीड तास बाक. आता त्या चौघांनी ८ पैकी ४ गेम खेळले असं धरा. ३२ पैकी १६ जागा त्यांच्याच झाल्या, उरलेल्या १६ जागा १२ जणांत वाटायच्या. बायकांच्या वाट्याला एकच गेम का येतो, ते यात दिसतं. चौघांचं चुकतंच आहे, पण ते उद्या साधुसंतांसारखे वागले तरी १ कोर्ट आणि १६ माणसं हे जमणारं नाही. ८ जणांचा ग्रुप होता तेव्हा प्रत्येकाला ४ गेम मिळत होते, म्हणून तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती. स्वभाव तेच आहेत, जागा कमी पडली आहे.

तेव्हा पहिला नियम संख्येचा. एका कोर्टला ८ माणसं, फार तर १०. त्यापुढचं नाव प्रतीक्षा यादीत. १६ जणांना यायचं असेल तर ७ ते ८ या वेळात हॉलमधलं दुसरं कोर्टही घ्या आणि ८ ते ९ एकच ठेवा. भाडं दीडपट होईल. पण ८ वाजेपर्यंत प्रत्येकाचे २ गेम झालेले असतील, म्हणजे आज दोन तासांत जे मिळायला हवं ते एका तासात. ज्यांना मुलांचे डबे, दुकान किंवा रविवारचं मटण आणायचं आहे ते समाधानानं निघून जातील आणि थांबणाऱ्यांना आणखी खेळता येईल. दुसरं कोर्ट मिळतच नसेल तर ८-८ जणांच्या दोन तुकड्या करा, एक ७ ला आणि एक ८ ला. गेम प्रत्येकी दोनच होतील, पण बसण्याचा एक तास वाचेल. हा फरक कागदावर लहान दिसतो. प्रत्यक्षात माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो का नाही, ते त्यावर ठरतं.

आता पाळीचं. पुष्कळ ठिकाणी खेळाडू आपापल्या पॅडल कुंपणाला ओळीनं लावून ठेवतात आणि पुढच्या ४ पॅडल ज्यांच्या, ते कोर्टवर जातात. पद्धत चांगली आहे, पण चार मित्र आपल्या पॅडल शेजारी-शेजारी लावून मोकळे होतात. त्यापेक्षा कपडे वाळत घालायचे चिमटे आणा. प्रत्येक चिमट्यावर मार्करनं नाव लिहा आणि हॉलच्या भिंतीलगत एक दोरी बांधा. येईल त्यानं आपला चिमटा रांगेच्या शेवटी लावायचा. गेम संपला की चौघांनीही बाहेर यायचं, जिंकलेल्यांनीसुद्धा, आणि चिमटे मिसळून शेवटी लावायचे. "जिंकला तो उभा" ही पद्धत गर्दीच्या सकाळी पूर्ण बंद करा. ज्या दिवशी ६-७ जणच आले असतील त्या दिवशी खुशाल चालू द्या.

वेळही बांधून घ्या. पिकलबॉलच्या नेहमीच्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळतो, त्यामुळं तोडीस तोड जोड्या पडल्या की एकेक गेम २५ मिनिटं रेंगाळतो आणि दोरीवरचे चिमटे हलत नाहीत. मोबाईलवर १२ मिनिटांचा गजर लावा. वाजला की चालू रॅली पूर्ण करायची, पुढं असेल ती जोडी जिंकली, बरोबरी असेल तर एक रॅली जास्त. मधली ३ मिनिटं पाणी आणि अदलाबदल. दोन्ही कोर्टं एकाच वेळी सुटली की ८ जण आत, ८ बाहेर. बाकावर बसलेल्या बाईला घड्याळ बघून कळतं की ७ वाजून १५ मिनिटांनी आपण आत आहोत. एवढं कळलं की बसणं जड जात नाही. ती तोवर चहा घेते, गप्पा मारते, समोरचा खेळ बघून शिकते.

चौघांकडं वळते. आपल्या गावात खेळ म्हटला की ईर्षा आलीच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना बघितलेल्या माणसाला, "रविवारी मजेसाठी खेळा, जिंकण्याचं मनावर घेऊ नका" असं सांगणं मला पटत नाही. ती ईर्षा चांगली आहे. तिला वेळ आणि जागा ठरवून द्यावी लागते, एवढंच. आणि त्याचा नमुना आपल्याकडं फार जुना आहे. मोतीबागेत किंवा गंगावेस तालमीत मोठा पैलवान रोज लहान पोरांना जोर देतो, म्हणजे सरावाची कुस्ती खेळवतो. तो तिथं पोराला चितपट करायला उतरलेला नसतो, त्याला अंगावर घेतो, डाव टाकू देतो, चुकला तर पुन्हा टाकायला लावतो. त्याची खरी कुस्ती मैदानात, तोडीच्या जोडीबरोबर. कुणाची जोड कुणाशी, हे वस्ताद ठरवतो आणि त्यावर वाद होत नाही.

तसंच करा. ७ ते ८ हा जोराचा तास. या वेळात चांगला खेळाडू नव्याच्या जोडीला उभा राहील, दोन चांगले एका बाजूला कधीच नाहीत. दुहेरीत प्रत्येक चेंडू कमजोर खेळाडूकडं मारणं हा नेहमीचा डाव आहे, पण या तासात तो बंद. ८ ते ८:३० चिमट्यांच्या रांगेप्रमाणे. ८:३० ते ९ चुरशीचे २ गेम, ज्यांनी आधी नाव दिलंय त्यांचे, पूर्ण ताकदीनं, हवं ते डाव टाकून. तुमच्या चौघांना असे किमान चार गेम मिळतात आणि त्यातले दोन खऱ्या चुरशीचे. त्यांचं यात काही जात नाही.

त्यांना एक गोष्ट मनापासून पटवून देण्यासारखी आहे. पिकलबॉलमध्ये जोरात मारणारा एका मर्यादेपर्यंतच वर जातो. त्यापुढचा खेळ हळू चेंडूचा आहे: सर्व्हिस आणि परतफेडीनंतरचा तिसरा फटका समोरच्या किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या पट्टीत, अलगद टाकणं, नेटजवळून चेंडू डिंक करत, म्हणजे हलकेच पलीकडं टाकत राहणं, संधीची वाट बघणं. हे शिकायला नवख्याबरोबरचा तास उत्तम. समोरच्याला परतवता येईल असा, पण कमरेच्या वर न येणारा चेंडू दहा वेळा टाकून दाखवणं सोपं नाही. "या तासात स्मॅश नाही" एवढं एक बंधन घालून घेतलं तर दोन महिन्यांत त्यांचाच हात बदललेला दिसेल.

दिरांशी बोलताना ग्रुपवर काही लिहू नका. चारचौघांत कोर्टवरही नको. घरी, चहाच्या वेळी बोला, आणि तक्रारीनं सुरुवात करू नका. "भाऊजी, नव्या बायकांना सर्व्हिस तुमच्याइतकी नीट कोण दाखवणार? पहिला तास तुम्ही त्यांच्याबरोबर खेळा, साडेआठनंतरचे दोन गेम तुमचे पक्के." हे खरं आहे म्हणूनच म्हणा. कोर्ट अडवून बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा कुणी कामच दिलेलं नसतं. काम दिलं की तो सुधारतो, असं मी अनेक ग्रुपांत बघितलं आहे. चौघांपैकी कुणी तरीही ऐकणार नसेल, तर त्यानं आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी आपल्या पैशानं कोर्ट घ्यावं, खेळावं. त्यावरून अबोला धरायचं कारण नाही. रविवारचा नियम मात्र त्याच्यासाठी बदलायचा नाही.

आणि तुम्ही स्वतः दर आठवड्याला शिट्टी घेऊन उभ्या राहू नका. दर रविवारी एक वस्ताद नेमा, पाळीपाळीनं. गजर लावणं, चिमटे बघणं, जोड लावणं ही त्या दिवशीची जबाबदारी त्याची, आणि त्यात त्या चौघांचीही पाळी येऊ द्या. दोरी सांभाळायला लागली की बाकावरचे चेहरे दिसायला लागतात.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी थेट गेममध्ये ढकललं तर तो किंवा ती ओशाळून परत येत नाही. त्यासाठी महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाऊण तास शिकवणीचा ठेवा. सांगायचं थोडंच आहे. सर्व्हिस खालून, कमरेखाली चेंडू लागेल अशी, आणि तिरपी. सर्व्हिसचा चेंडू एक टप्पा पडल्यावरच परतवायचा, आणि परत आलेला चेंडू सर्व्हिसवाल्यांनीही एक टप्पा पडू द्यायचा, त्यानंतर हवेत घ्यायला मोकळीक. नेटपासून ७ फुटांपर्यंतची पट्टी म्हणजे किचन. तिथं उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, टप्पा पडलेला चेंडू मात्र आत जाऊन मारता येतो. दुहेरीत तीन आकडे पुकारतात: आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. गेमची सुरुवात ०-०-२ नं का होते, हे समजायला दोन रविवार लागतात. तोवर शेजारच्या जोडीदारानं पुकारावं.

किचनच्या रेषेवरून तुमच्याकडं वाद होत असणार, कारण तुम्ही बॅडमिंटनच्या कोर्टवर खेळता. पिकलबॉलचं कोर्ट २० बाय ४४ फुटांचं, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच. पण बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर आहे. हॉलवाल्यांची परवानगी घेऊन त्याच्यामागं ६ इंचांवर रंगीत टेप लावा, की प्रश्न मिटला. नेट कडेला ३६ आणि मध्यभागी ३४ इंच हवं. बॅडमिंटनचंच नेट खाली ओढून खेळत असाल तर टेप धरून एकदा मोजून घ्या, कारण मध्ये झोळ पडलेल्या नेटवर सगळेच जोरात मारायला शिकतात. चेंडू हॉलसाठीचे, २६ भोकांचे घ्या. ४० भोकांचे कडक चेंडू बाहेरच्या सिमेंटसाठी असतात, ते आत फार उडतात.

काकांना आधी फोन करा, मेसेज नको. त्यांना सांगा की ७ चा पहिलाच गेम त्यांचा आहे. हा खेळ जन्माला आला तोच घरातल्या सगळ्यांना एकत्र खेळता यावं म्हणून. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोघांच्या घरची मंडळी कंटाळून बसली होती. बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण सामान सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन सुरुवात झाली. नेट आधी बॅडमिंटनच्या उंचीवर होतं, ते खाली आणलं. पुढं बार्नी मॅकलम या मित्रासह त्यांनी नियम बसवले. पोरं आणि मोठी माणसं एकाच कोर्टवर उतरली होती. तेव्हा ६५ वर्षांच्या माणसाला खेळायला घेणं म्हणजे त्यांच्यावर उपकार करणं होत नाही.

वयस्कांची काळजी मात्र खरी घ्यायला हवी, आणि यात हयगय नको. या खेळात सगळ्यात वाईट पडणं होतं ते डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलट्या पावली मागं पळताना. मनगट मोडतं, डोकं आपटतं. म्हणून सगळ्यांनाच सांगा: चेंडू डोक्यावरून गेला की आधी वळायचं, मग पळायचं, आणि नाही पोचत असं वाटलं तर गुण सोडून द्यायचा. चालायचे बूट घालून कोर्टवर उतरू नये. बाजूला सरकताना त्यांत पाय मुरगळतो, बॅडमिंटनचे सपाट तळव्याचे बूट हवेत. शेजारच्या कोर्टवर चेंडू गेला की मोठ्यानं "बॉल!" ओरडायचं आणि दोन्हीकडचा खेळ तिथंच थांबवायचा. पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडं जूनपासून चांगले चार महिने, कोर्टचे बूट पिशवीतून आणायचे. ओल्या बुटांनी आत आलेला एक माणूस सगळी फरशी निसरडी करतो. आणि छातीत भरून आलं किंवा चक्कर आली तर "हा गेम संपवतो" म्हणणाऱ्याला कुणीही संपवू देऊ नये.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते सोपं आहे. आधी पैसे, मग चिमटा. तुमच्या ग्रुपमध्ये भिशी चालवणारी एखादी बाई असेलच, हिशोब तिच्याकडं द्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली वर्गणी, त्यातून भाडं, चेंडू, टेप. महिनाअखेरीला जमाखर्चाचा फोटो ग्रुपवर. समजा तासाचं भाडं ४०० रुपये असेल, तर दोन तासांत दीडपट कोर्ट म्हणजे १२०० रुपये, १६ जणांत ७५. मिसळीच्या प्लेटीएवढा खर्च आहे, आकडा समोर ठेवला की कुणी कुरकुरत नाही. कुरकुर होते ती हिशोब दिसत नाही तेव्हा. वर्गणी कुणाला जड जात असेल तर भिशीवालीला एकटीला सांगायची मुभा ठेवा आणि ती गोष्ट तिच्यापाशीच राहू द्या.

रात्री ११ च्या मेसेजला राग हे औषध नाही. शनिवारी संध्याकाळी ८ पर्यंत नाव काढलं तर पैसे पुढच्या वेळेला धरायचे. त्यानंतर काढलं तर पैसे गेले, पण प्रतीक्षा यादीतला कुणी आला तर तेही परत. घरात आजारपण, मयत असं काही असेल तर विचारायचंसुद्धा नाही.

खालचा मेसेज या गुरुवारी टाका. तुमच्या एकटीच्या नावानं नको, खाली तुमचं, भिशीवालीचं आणि दिरांचं अशी तीन नावं असू द्यात.

"नमस्कार मंडळी. ग्रुप वाढलाय, म्हणून या रविवारपासून ७ ते ८ दोन कोर्टं आणि ८ ते ९ एक कोर्ट. जागा १६. नाव याच मेसेजखाली द्यावं, १६ च्या पुढचे प्रतीक्षा यादीत. ८ वाजेपर्यंत प्रत्येकाचे २ गेम नक्की. गेम १२ मिनिटांचा, नंतर चौघांनीही बाहेर. पहिल्या तासात जुना खेळाडू नव्याच्या जोडीला. साडेआठनंतरच्या चुरशीच्या गेमसाठी वेगळं नाव द्यावं. नाव काढायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी ८ च्या आत. वर्गणी १ तारखेला. कुणाला काही सुचवायचं असेल तर रविवारी पावणेसातला हॉलवर भेटू."

ग्रुपवर कुणी वाद घातला तर एवढंच लिहा, "पावणेसातला बोलू." चार रविवार काहीही न बदलता हे असंच चालू द्या. त्यानंतर आधी बाकावर बसणाऱ्यांना विचारा, १२ मिनिटं कमी पडतात का, चुरशीचा अर्धा तास वाढवायचा का, आणि मग आकडे बदला.

आपली,
सल्लागार ताई